कुंडलिक विशे यांच्या नावावरचे नवस

कुंडलिक विशेला साप चावला, त्याचा धक्का त्याला फारसा बसला नाही. धक्का बसायला माणूस शुद्धीवर लागतो. खरे धक्के सुरू झाले ते दवाखान्यातून शहापूरला घरी आल्यावर.

पहिला साधारण वीस मिनिटांत बसला. आठ दिवसांची दाढी खाजत होती म्हणून त्याने पाणी तापवून घेतलं, गालाला फेस लावला आणि रेझर उचलला. तोच मागून त्याच्या बायकोने, कमळने, अशी किंकाळी फोडली की दुसरा साप निघाला असं वाटून तो मोरीच्या कठड्यावर चढून बसला.

"ठेवा तो खाली! देवीची हाय ती!"

"रेझर?"

"दाढी!"

मग उलगडा झाला. आषाढात कुंडलिक डोळखांबकडे सासरवाडीला भाताची लावणी बघायला गेला होता. 'बघायला' हा शब्द तो स्वतःच वापरायचा. बांधावरून उतरताना घोट्याला फुरसं डसलं, आणि पुढचे तीन दिवस त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. तेव्हा कमळने गावदेवीला शब्द दिला होता, की नवरा वाचला तर दसऱ्यापर्यंत वस्तरा लावणार नाही आणि दसऱ्याला दाढी तुझ्या पायाशी वाहील.

कुंडलिक सुन्न झाला. तालुक्याच्या एका कार्यालयात तो आवक-जावक सांभाळणारा वरिष्ठ लिपिक होता आणि सव्वीस वर्षांत एकदाही दाढी न करता कामावर गेला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही, आणि त्या दिवशी तो खरोखरच कामावर गेला होता.

"अगं, पण नवस माझ्या नावाने, आणि मला न विचारता? माझी सही कुठंय त्याच्यावर?"

"तुमी बेशुद्ध होतात."

"मग अंगठा तरी घ्यायचा!"

कमळने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी जिवंत हाव ना? म्हंजे अर्ज मंजूर झालाय. आता खुसपटं काढू नका."

त्याने एका गालाचा फेस पुसला, मग दुसऱ्या गालाचा पुसला. कुंडलिक देवाला भिणारा होता, पण त्याहून जास्त तो झालेल्या कामाच्या नोंदीला भिणारा होता. काम झालंय आणि आपली बाजू राहिलीय, हे त्याला सहनच व्हायचं नाही.

दुसरा धक्का संध्याकाळी शेजारून आला. देवरामकाका भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झाले होते आणि आता आळीतल्या सगळ्यांच्या आयुष्याचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे ते ठरवत. ते येऊन खुर्चीत बसले, चहा अर्धा प्यायले आणि म्हणाले, "शनिवारपासून सुरवात कर."

"कशाची?"

"झाडायची. मी मारुतीला बोललोय. कुंडलिक वाचला तर अकरा शनिवार देवळाचं आवार झाडील."

"काका, नवस तुम्ही बोललात तर तुम्ही झाडा ना."

"माझी कंबर कुठं वाकते? म्हणून तर तुझं नाव घेतलं."

ही सोय देवाने कशी काय चालवून घेतली, हे कुंडलिकला कळेना. पण काकांनी हात वर करून मारुतीच्या देवळाच्या दिशेने बोट दाखवलं. शनिवारी उजाडताना तो झाडू घेऊन हजर झाला. काका आधीच पारावर बसले होते. "तो कोपरा राहिला," "वाऱ्याच्या उलट झाडू नको," "पिंपळाची पानं वेगळी काढ," असा नवस ते बसल्या जागेवरून फेडत होते.

तिसऱ्या शनिवारी कार्यालयातल्या शिपायाने हे दृश्य पाहिलं. वाढलेली दाढी, डोक्याला पंचा, हातात झाडू. सोमवारी कुंडलिक कामावर गेला तेव्हा सगळे त्याच्याशी इतक्या हळू आवाजात बोलू लागले की त्याला आपलं ऐकणं कमी झालं की काय अशी शंका आली. जेवणाच्या सुट्टीत कळलं, विशेसाहेब निलंबित होणार असल्याची आणि संसारातून मन उडाल्याची अशा दोन बातम्या एकाच वेळी फिरत होत्या. दोघा-तिघांनी त्याच्या खुर्चीची चौकशीही करून ठेवली होती.

त्यात हजेरीचं मोबाइलवरचं नवं यंत्र. समोर चेहरा धरला की ते 'उपस्थित' म्हणायचं. कुंडलिकला ते म्हणालं, 'चेहरा जुळत नाही.' त्याने चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला, सव्वीस वर्षांच्या नोकरीला शोभेल असा गंभीर चेहरा करून पाहिला. नाही म्हणजे नाही. संगणकावर बसणारी कुणाली मदतीला आली.

"सर, चेहरा बदलल्याचं कारण भरावं लागेल. अपघात, शस्त्रक्रिया, इतर."

"नवस?"

"नवस नाहीये सर यात. 'इतर' टाकते. पण त्याला वरिष्ठांचा दाखला लागेल, की हा चेहरा तुमचाच आहे."

वरिष्ठ साहेब कागद हातात घेऊन बराच वेळ कुंडलिककडे बघत राहिले. "विशे, मला स्वतःला थोडी शंका येतेय," ते म्हणाले, "तर मी लिहून कसा देऊ?" जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जात खोट काढलेल्या माणसाला एकोणीस दिवस स्वतःच्या तोंडासाठी हेलपाटे घालावे लागले. एकोणीस दिवस तो सरकारी हिशोबात गैरहजर होता आणि रोज साडेनऊला गैरहजर राहायला वेळेवर जात होता.

शेवटी दाढीवाला चेहरा मान्य झाला. त्याच संध्याकाळी मुरबाडहून थोरल्या बहिणीचा, प्रेमाचा, फोन आला.

"कुंडलिक, गणपतीच्या आत येऊन जा. न्हावी सांगून ठेवलाय."

"कशाला?"

"मुंडण रे! भाऊ उठून बसला तर त्याचं डोकं सफाचट करून आणीन, असं आमच्या देवाला बोलले मी."

कुंडलिकने फोन कानापासून दूर धरला. पलीकडे प्रेमा बोलतच होती आणि अलीकडे कमळ कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"वस्तरा लागायचा नाय," कमळ म्हणाली.

"वैनीला सांग, माझा सख्खा भाऊ हाय तो," फोनमधून आवाज आला.

"ताईंना सांगा, माझा सख्खा नवरा हाय!"

पुढचे आठ दिवस त्या घरात नवसाशिवाय दुसरा विषय नव्हता. प्रेमा मुरबाडहून एसटीने आली आणि कौल घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. गावदेवीचा गुरव अनंता याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर मुंडणाला होकार, डावं पडलं तर नकार. सगळे श्वास रोखून बसले. फूल उजवं पडलं.

"पंखा चालू हाय!" कमळ ओरडली. "पंख्याचा कौल धरायचा नाय!"

पंखा बंद झाला. तासभर घामाच्या धारा लागल्या. मग दोन्ही फुलं एकाच वेळी पडली. अनंता डोकं खाजवत म्हणाला, "असा कौल माझ्या बापाच्या वक्ताला एकदा पडलेला."

"मग? काय अर्थ लावला?"

"काय नाय. दोघं कोर्टात गेली."

तेव्हा कुंडलिकमधला लिपिक जागा झाला. त्याने दोघींना आपापले शब्द जसेच्या तसे सांगायला लावले आणि देवीसमोरच ते एका कागदावर उतरवून घेतले. कमळ म्हणाली होती, वस्तरा लावणार नाही. प्रेमा म्हणाली होती, डोकं सफाचट करीन. "म्हणजे," कुंडलिक विजयी मुद्रेने म्हणाला, "डोक्यावर मशीन चालेल! मशीन म्हणजे वस्तरा नव्हे. आणि दाढीबद्दल ताई काहीच बोललेली नाही." पुन्हा फुलं लावली. उजवं पडलं, पंखा बंद असताना. सगळ्यांनी हात जोडले, नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आपण केवढा गुंता सोडवला या आनंदात कुंडलिक मुरबाडला जाऊन मशीन फिरवून आला.

आरसा त्याने घरी आल्यावर पाहिला. डोक्यावरचे सगळे केस घसरून हनुवटीवर येऊन थांबल्यासारखे दिसत होते. तो कितीतरी वेळ आरशासमोरून हललाच नाही. सोमवारी यंत्र म्हणालं, 'चेहरा जुळत नाही.' कुणालीने या वेळी काही विचारलं नाही. तिने नुसता तोंडावर रुमाल धरला आणि बाहेर जाऊन आली.

पण फेडलं त्याने सगळं. अकरा शनिवार झाडलं, दसऱ्याला दाढी वाहिली आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत गालांनी तो एसटी स्टँडपाशी भाजी घ्यायला गेला तेव्हा अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. तिथे सुनिल भेटला. डोळखांबकडे जीप चालवणारा हा सुनिल. त्याच्याच जीपमधून कुंडलिकला दवाखान्यात आणलं होतं.

"बरं दिसताव आता," सुनिल म्हणाला. "सगळं फिटलं म्हना. बुधूचा तेवढा ऱ्हायला."

कुंडलिकच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. "बुधूचा काय?"

सुनिलने जीभ चावली. "काय नाय. त्यानं सांगू नको म्हटलं व्हतं."

"कोण बुधू?"

आता धक्का सुनिलला बसला. "अवो, पाड्यावरचा बुधू! तुमाला शेतापासून सडकेपर्यंत पाठीवर घेऊन आला तो! तुमाला कुनी सांगितलंच नाय?"

नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल आणि दाढी, झाडू, मुंडण यांच्या धबडग्यात त्याने ऐकलं नसेल. सासऱ्याच्या माणसांनी कशावर तरी घालून आणलं असावं, असं त्याने आपल्या मनाशी धरलं होतं. आणि आता त्या न पाहिलेल्या माणसानेही एक नवस बोलून ठेवला होता.

देवरामकाकांनी हे ऐकून मान हलवली. "डोंगरातले देव कडक. नुसत्या नारळावर नाय भागत. मी लहानपणी एका जत्रेत बघितलंय. पाठीत गळ टोचतात."

"गळ?"

"लोखंडाचा. मासळीचा असतो ना, त्याच्यापेक्षा मोठा."

पुढचे तीन दिवस कुंडलिकला पाठीवर झोपता आलं नाही. चौथ्या दिवशी कमळ म्हणाली, "जाऊन विचारून या ना एकदा. त्यानं पाठीवर घेतला, तुमी साधं भेटायला गेला नाय."

"मी जाऊ शकत नाही," कुंडलिक म्हणाला. "मी देवाला शब्द दिलाय."

"तुमी? कधी?"

मग त्याने कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. साप डसल्यावर, डोळ्यांपुढे अंधारी यायच्या आधी, तो बांधावर बसून देवाला म्हणाला होता, एवढ्या वेळी सोडव, परत या बाजूला पाऊल टाकणार नाही. आणि तो शब्द त्याने कडकडीत पाळला होता. गणपतीत कमळ माहेरी एकटीच गेली होती. सासरे आजारी पडले तेव्हा त्याने फोनवर विचारपूस केली होती.

कमळ हळूच म्हणाली, "एवढ्या नवसांत हा एकच तुमी सोता बोललात. त्यातून देवाला काय मिळालं?"

कुंडलिकने कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

कार्तिकातल्या एका रविवारी तो निघाला. खिशात एक अर्ज होता, स्वच्छ अक्षरात लिहिलेला: 'विषय: नवसात सवलत मिळणेबाबत.' सोबत डॉक्टरांच्या कागदांच्या प्रती जोडल्या होत्या. गळाऐवजी दुसरं काही चालेल का, अशी नम्र विचारणा होती. सुनिलची जीप सडक सोडून, पावसात गाडीला बंद असणाऱ्या कच्च्या वाटेने चढत थेट पाड्यावर, बुधूच्या अंगणापर्यंत गेली.

अंगणात नाचणी वाळत घातली होती. बुधू सूप घेऊन बसला होता. कुंडलिकने मनात एक धिप्पाड माणूस उभा केला होता, कारण तो स्वतः अठ्ठ्याहत्तर किलोंचा होता. समोर उठून उभा राहिलेला माणूस त्याच्या खांद्याला जेमतेम लागत होता. बुधूचा चेहरा फुलला, मग त्याची नजर कुंडलिकच्या मागे उभ्या जीपकडे गेली.

"गाडीन आलांव?"

"हो."

बुधू मटकन खाली बसला. त्याची बायको रखमी दारातून बाहेर येत होती, तिने कपाळाला हात लावला. "अरे देवा! गाडीन आला!"

काय चुकलं ते कुंडलिकला कळेना. तो आणखी घाबरला, आणि घाबरला की करायचं ते त्याने केलं. अर्ज काढून मोठ्याने वाचायला सुरवात केली. 'उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की पाठीत गळ टोचण्याऐवजी' इथवर आला तेव्हा रखमीला राहवेना.

"गळ कसला नि काय! तुमच्याकडून काय नको हाय त्याला! त्या दिशी तुमाला गाडीत घातला ना, तवा यानं पायातल्या चपला काढल्या. हा मानूस आपल्या पायानं चालत माझ्या दारात येई तवर पायात काय घालनार नाय, म्हनला. चार महिने झालं!"

कुंडलिकने खाली पाहिलं. बुधूचे पाय चिरा पडून काळे झाले होते. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.

"या पायांनी... लावणी?"

"लावनी, कापनी, गवत. सगला," रखमी म्हणाली.

"आणि साप?"

"दोनदा निंगालं पायाखालून," बुधू म्हणाला. बेडूक निघाल्यासारखं म्हणाला. "गेलं आपलं."

कुंडलिक चार महिने शहापुरात आपल्या चेहऱ्याचा दाखला मागत फिरत होता, आणि ज्या गवताच्या भीतीने इकडे पाऊल टाकत नव्हता त्याच गवतातून हा माणूस अनवाणी चालत होता. कुंडलिक येत नव्हता म्हणून.

"अरे, मला सांगायचं नाही का? निरोप धाडायचा!"

"सांगून आनला तर त्याला काय अर्थ? तुमाला बरं वाटंल, तुमी याल. आलांव म्हंजे देवाचं काम पक्कं जालं."

"पण मी तुझा कोण? नाव पण माहीत नव्हतं तुझं मला."

बुधू सुपातली नाचणी उगाच सारखी करत राहिला. "पाठीवर तुमी लय गरम लागत व्हतांव. मंग वढ्याजवल गार पडाया लागलांव. मी घाबारलो."

सुनिल जीपच्या चाकाकडे बघत होता. कुंडलिकने अर्जाची घडी केली.

"कुठून चालत यायचं?"

"जिथं तुमाला गाडीत घातला तिथून."

सुनिलने त्याला परत सडकेवर आणून सोडलं आणि जीप घेऊन तो पुन्हा वर गेला. बूट काढून अनवाणी जावं, असं कुंडलिकच्या मनात आलं. त्याने दोन्ही बाजूंच्या गवताकडे पाहिलं आणि नाड्या आणखी घट्ट बांधल्या. लाजेने त्याचे कान तापले, पण बूट पायातच राहिले. मग तो आभाळाकडे बघून पुटपुटला, "तो माझा शब्द मी मागे घेतो. नवस नव्हता तो, भीती होती. काय शिक्षा असेल ती कर, पण आत्ता वर पोचू दे."

चढ संपता संपत नव्हता. पहिल्या वळणावर त्याला धाप लागली. ओढ्यात दगडांवरून जाताना तो दोनदा घसरला आणि पलीकडे जाऊन बसकण मारली. इथेच कुठेतरी आपण गार पडायला लागलो असणार. हातात काही नसताना त्याला ही वाट पेलवत नव्हती, आणि तो माणूस पावसात, चिखलात, अठ्ठ्याहत्तर किलो पाठीवर घेऊन ही वाट उतरला होता. एवढं वजन आपण जमवलंच कशाला, याची त्याला आयुष्यात पहिल्यांदा शरम वाटली. तो उठला. शेतात भात झोडणारी माणसं हात थांबवून बघत होती. एक म्हातारी ओरडली, "आला गो, आला! चालत आला!" आणि पुढची हाक त्याच्या आधीच वर पोचली.

बुधू दारात उभा होता. शेवटच्या चढावर कुंडलिकचा पाय लटपटला तेव्हा सुनिल पुढे धावला, पण बुधूने हात आडवा घालून त्याला अडवलं. कुंडलिक गुडघ्यांवर हात टेकत अंगणात आला, दारापाशी गेला आणि उंबऱ्याला हात लावून तिथेच बसला.

रखमीने आढ्यात खोचून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात बुधूच्या चपला होत्या, धुऊन ठेवलेल्या. बुधूने डोंगराकडे तोंड करून हात जोडले, चपला पायात सरकवल्या आणि सगळ्या पाड्यासमोर अंगणात चार पावलं टाकली. चौथ्या पावलाला त्याचं तोंड वाकडं झालं. पाय पसरट झाले होते. त्याने चपला काढल्या आणि भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"चावत्यात," तो म्हणाला.

कुंडलिक हबकून उठायला गेला. "अरे, मग नवस?"

"नवस फिटला," बुधू म्हणाला. "आता घालायच्या का नाय, ते मी बघीन." आणि घराकडे वळून ओरडला, "रखमे, च्या ठेव गो. पावना चालून आलाय."